सागवानी पोथी : 'त्रिंकोमाली'चे आयुष्य आणि त्याचा जीर्णोद्धार

आमच्या मोताळ्याला समुद्राशी काही देणेघेणे नाही. पाणी म्हणायचे तर नळगंगा, आणि तीही बराच काळ धरणाच्या भिंतीमागे निवांत पडून असते. तरी नकाशा उघडून बसले की एक गंमत ध्यानात येते. नळगंगा मलकापुराच्या अंगाने उतरून पूर्णेला मिळते, पूर्णा चांगदेवापाशी तापीला, आणि तापी सुरतेजवळ अरबी समुद्राला. म्हणजे राजूर घाटाखाली पडलेला पाऊस, धरणातून सुटलाच, तर अखेर सुरतेच्या खाडीत जाऊन पोहोचतो. त्याच सुरतेहून १७३६ साली लवजी नसरवानजी वाडिया हा पारशी जहाजबांधणी कारागीर ईस्ट इंडिया कंपनीच्या बोलावण्यावरून मुंबईला आला. पुढे शतकभर आणि त्यानंतरही त्याच्या घराण्यातील माणसांनी मुंबईच्या गोदीत जहाजे बांधली. त्या जहाजांपैकी एक अजून पाण्यावर आहे. ते मुंबईत नाही. इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावर हार्टलपूल नावाचे गाव आहे, तेथे ते उभे आहे. त्याचे नाव 'त्रिंकोमाली'.

मराठीच्या अध्यापकांनी एका जहाजावर लिहावे हे काहींना विषयांतर वाटेल. पण हा विषय आमच्याकडे आला तो वर्गातूनच. एम.ए.च्या विद्यार्थ्यांना पाठचिकित्सा शिकवत असताना एका विद्यार्थिनीने विचारले, दर पिढीने पोथी नव्याने उतरवली, गळलेले भरले, चुकलेले सुधारले, तर जिला आपण मूळ म्हणतो ती उरते कुठे? अशा वेळी प्लुटार्कने सांगितलेले थीसियसचे जहाज हाताशी असते. अथेन्सवासी त्याची कुजलेली फळी काढून नवी बसवत राहिले, आणि ते तेच जहाज की दुसरे यावर तत्त्वज्ञ वाद घालत राहिले. मात्र हे उदाहरण देताना आम्हाला नेहमी थोडे अवघडल्यासारखे होते. त्यात सुतार नाही, लाकडाची जात नाही, खर्चाचा हिशेब नाही. ते कोडे आहे, जहाज नव्हे. आपल्या संतकवितेतल्या नावेचेही तसेच आहे. भवसागर आहे, पैलतीर आहे, तारून नेणारा नावाडी आहे. पण त्या नावेला खिळा कोणी ठोकला हे कोणी विचारत नाही. म्हणून खरोखरीचे एखादे जहाज शोधू लागलो, आणि शोध मुंबईच्या गोदीत येऊन थांबला.

आमच्यापैकी कोणीही हार्टलपूलला गेलेले नाही, हे आधीच सांगून टाकतो. आम्ही जे जाणतो ते कागदावरून. साहित्याच्या अध्यापकांना याची सवय असते. ज्ञानेश्वरीची मूळ प्रत तरी आपल्यापैकी कोणी पाहिली आहे?

३० ऑक्टोबर १८१२ रोजी ब्रिटिश नौदलाने या जहाजाची मागणी नोंदवली. नेपोलियनशी चाललेल्या दीर्घ युद्धात इंग्लंडला ओकचे लाकूड पुरेनासे झाले होते. इकडे मलबारचा साग उपलब्ध होता, आणि १८१० साली 'मिंडेन' हे मोठे युद्धजहाज बांधून मुंबईच्या कारागिरांनी आपला हात दाखवून दिला होता. सागाचा गुण असा की त्यातले तेल लाकडालाही राखते आणि त्यात ठोकलेल्या लोखंडालाही. ओकमधील आम्ल लोखंडाला खाते. दोनशे वर्षांनंतर 'त्रिंकोमाली' शिल्लक राहण्याचे पहिले कारण हे इतके साधे, वनस्पतिशास्त्रीय आहे.

जहाजाचे आराखडे 'जावा' नावाच्या जहाजातून मुंबईकडे निघाले. २९ डिसेंबर १८१२ रोजी ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ अमेरिकेच्या 'कॉन्स्टिट्यूशन'ने 'जावा'ला गाठले. 'जावा' हरले, नंतर जाळले गेले, आणि आराखडेही त्यासोबत गेले. (ते 'कॉन्स्टिट्यूशन' आज बोस्टनमध्ये जतन केलेले आहे. ज्याच्यामुळे आराखडे बुडाले ते जहाज आणि नव्या आराखड्यांवरून जन्मलेले जहाज, दोन्ही शिल्लक! इतिहासाला असे यमक सुचते; कवीला सुचले तर आपण त्याला कृत्रिम म्हणू.) दुसरी प्रत मागवावी लागली. तळाचा कणा बसला तो थेट एप्रिल १८१६ मध्ये.

येथे आमच्या वर्गाला लीळाचरित्र आठवणे स्वाभाविक होते. महानुभाव परंपरा सांगते की म्हाइंभटांनी रिद्धपूरला सिद्ध केलेली मूळ पोथी पुढे आक्रमणाच्या धामधुमीत हरवली, आणि अनुयायांनी ती स्मरणातून पुन्हा लिहिली. म्हणून आज आपल्यापुढे एक लीळाचरित्र नसून त्याचे अनेक पाठ आहेत. जहाजाची दुसरी प्रत इंग्लंडच्या दप्तरातून आली, लीळांची दुसरी प्रत माणसांच्या आठवणीतून. पण जहाजाच्या आराखड्याची गोष्ट येथेच संपत नाही. ज्या 'लीडा' वर्गात 'त्रिंकोमाली' मोडते, त्या वर्गाचा नमुनाच मुळी इंग्रजांचा नव्हता. १७८२ साली पकडलेल्या 'हेबे' या फ्रेंच जहाजावरून तो उतरवून घेतलेला होता. म्हणजे इंग्रजांनी फ्रेंच जहाजाची नक्कल केली, नकलेचा कागद वाटेत नष्ट झाला, पुन्हा नक्कल पाठवली गेली, आणि त्या नकलेवरून मुंबईच्या सुतारांनी सागात जे बांधले त्याला आज आपण 'मूळ' म्हणतो. विद्यार्थिनीच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर आम्हाला येथेच मिळाले. मूळ म्हणून जिथे बोट ठेवावे तिथे खाली आणखी एक प्रत निघते.

या बांधकामाचा मुख्य कारागीर होता लवजींचा पणतू म्हणावा की नातू, यात आमचाही एकदा गोंधळ झाला. तो नातू, जमशेटजी बोमनजी वाडिया. त्याच्याविषयी एक हकीकत सांगतात. १८०० साली बांधलेल्या 'कॉर्नवॉलिस' या जहाजाच्या आतल्या तुळईवर त्याने एक ओळ कोरून ठेवली होती. तिचा आशय असा की हे जहाज एका शापित काळ्या माणसाने बांधले आहे. शापित आणि काळा हे शब्द अर्थातच गोऱ्यांच्या तोंडचे. काही वर्षांनी त्या जहाजाची स्तुती चालली असता त्याने ती ओळ दाखवून दिली म्हणे. ही हकीकत वाचली तेव्हा आम्हाला पोथीच्या शेवटी लेखनिक लिहून ठेवतो ती पुष्पिका आठवली. हात थकले, पाठ मोडली, दोष असल्यास क्षमा करावी, असे आपले लेखनिक नम्रपणे लिहितात. जमशेटजीची पुष्पिका नम्र नव्हती. ती माल भरला की दिसेनाशी होईल अशा जागी कोरलेली होती, आणि जहाज रिकामे होईपर्यंत थांबण्याची तिची तयारी होती. 'त्रिंकोमाली'च्या कण्यात पारशी रिवाजाप्रमाणे चांदीचा खिळा ठोकण्यात आला. तीही एक पुष्पिकाच. वाडियांचे नाव असे कागदावर, चांदीवर राहिले. त्यांच्या हाताखाली ज्यांनी करवत धरली, सांधे बसवले, फळ्यांच्या फटी बुजवल्या, त्यांचे लेखन फक्त लाकडात आहे.

१२ ऑक्टोबर १८१७ रोजी जहाज पाण्यात उतरले. खर्च २३ हजार पौंड. पण ज्या युद्धासाठी ते मागवले होते ते १८१५ सालीच संपले होते. इंग्लंडला जाताना जानेवारी १८१९ मध्ये ते सेंट हेलेना बेटावर थांबले. नेपोलियन तेव्हा त्याच बेटावर कैदेत होता. ज्याच्याशी लढण्यासाठी जहाज बांधले, त्याच्या तुरुंगाच्या दारात ते पाहुण्यासारखे सहा दिवस उभे राहिले आणि पुढे गेले. ३० एप्रिल १८१९ रोजी पोर्ट्समथला पोहोचल्यावर त्याला राखीव ठेवण्यात आले. तब्बल पंचवीसहून अधिक वर्षे ते तसेच बांधून होते.

वीरकथा शोधणाऱ्या वाचकाची येथे निराशा होणार. आम्हाला मात्र या जहाजाची खरी कहाणी येथून सुरू होते असे वाटते. १८४५ साली त्याचा मागचा भाग नव्याने घडवला गेला, तोफा कमी पण अधिक जड बसवल्या गेल्या. १८४७ मध्ये ते प्रथमच सेवेत निघाले, वयाच्या तिसाव्या वर्षी. वेस्ट इंडीज आणि उत्तर अमेरिकेच्या समुद्रात गस्त घालणे, गुलामांचा व्यापार रोखण्यासाठी पहारा देणे, अशी कामे. १८५२ नंतर पॅसिफिक महासागर. कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावरील बेटांमध्ये एका सामुद्रधुनीला या जहाजावरून 'त्रिंकोमाली चॅनेल' असे नाव मिळाले, आणि इंग्रजी नकाशात ते जहाजाच्या नावाहून वेगळ्या स्पेलिंगने लिहिले जाते. पाठभेद! सिंहली बंदराचे नाव, मुंबईचे लाकूड, कॅनडाचे पाणी, आणि शेवटचे अक्षर बदललेले.

१८५७ साली ही फिरती संपली. नौदलाचे जग तोवर वाफेकडे वळले होते. १८६० च्या दशकात जहाज प्रशिक्षणासाठी देण्यात आले, आधी संडरलंडला आणि मग हार्टलपूलला. पुढे साउदॅम्प्टनला. १८९७ साली ते भंगारात विकले गेले. त्याच वर्षी व्हीटली कॉब नावाच्या एका धनिकाचे 'फूद्रोयां' हे जहाज ब्लॅकपूलच्या किनाऱ्यावर वादळात फुटले. ते नेल्सनचे एके काळचे ध्वजजहाज. कॉबने तेही मोडीतून वाचवून मुलांच्या प्रशिक्षणासाठी सजवले होते. त्याला बदली जहाज हवे होते. त्याने भंगारातून 'त्रिंकोमाली' विकत घेतले आणि त्याला फुटलेल्या जहाजाचे नाव दिले. थोरला मुलगा गेल्यावर धाकट्याला त्याचे नाव द्यावे तसे.

यानंतरची जवळजवळ नव्वद वर्षे हे जहाज 'फूद्रोयां' म्हणूनच जगले. फालमथला, मग पोर्ट्समथला. मुले तेथे राहायला येत, दोऱ्या बांधायला शिकत, होड्या वल्हवत, डेक घासत. हे आयुष्य १९८६ पर्यंत चालले. जहाजाच्या इतिहासात या काळाला सहसा दोन-तीन ओळी मिळतात. आम्ही हिशेब करून पाहिला: प्रत्यक्ष नौदलाच्या समुद्रसफरीत या जहाजाची दहा वर्षे गेली, आणि मुलांना शिकवण्यात त्याच्या अनेक पट. ते टिकले ते पराक्रमामुळे नव्हे. कोणाच्या तरी रोजच्या उपयोगी पडत राहिले म्हणून. नुसती पुजलेली पोथी वाळवी खाते, वाचली जाणारी पोथी फाटते पण पुन्हा उतरवली जाते, हे आपल्या मठांतून आपण पाहिलेच आहे.

जुलै १९८७ मध्ये जहाजाला एका मोठ्या तराफ्यावर चढवून हार्टलपूलला आणण्यात आले. स्वतः तरंगणाऱ्या वस्तूला दुसऱ्याच्या पाठीवर बसून समुद्र ओलांडावा लागला. हार्टलपूल हे जहाजबांधणीचे गाव, पण त्याच्या गोद्या १९६० च्या दशकातच बंद पडल्या होत्या. 'वॉरियर' या १८६० च्या लोखंडी युद्धजहाजाची दुरुस्ती १९७९ ते १९८७ या काळात तेथेच झाली होती, आणि ते काम केलेले हात गावात होते. त्या हातांना १९९० पासून 'त्रिंकोमाली' मिळाले. काम २००१ मध्ये पुरे झाले, सुमारे एक कोटी पाच लाख पौंड खर्चून. जुने लाकूड तपासायचे, कुजलेले तेवढे काढायचे, त्याच्या मापाचे नवे घालायचे. डोलकाठ्या आणि दोरखंडांचा सारा पसारा पुन्हा उभा करायचा. एवढे करूनही जहाजाचे साठ टक्क्यांहून अधिक लाकूड जुनेच राहिले असे सांगितले जाते. थीसियसच्या कोड्यात नेमकी हीच टक्केवारी नसते, आणि ती आली की कोड्याचा सूर बदलतो. तेच जहाज की दुसरे, असे विचारणारा तत्त्वज्ञ. या फळीत अजून किती दम आहे, असे विचारणारा सुतार. संपादकाने कोणाच्या बाजूला बसावे हे आम्हाला तरी स्पष्ट दिसते.

शके १५०६ मध्ये एकनाथांनी ज्ञानेश्वरी शुद्ध केली ती अशाच सुताराच्या वृत्तीने. हाताशी असलेल्या प्रती ताडून पाहायच्या, अपपाठ दूर करायचे, आणि आपली ओवी आत घालायची नाही. ती घालू पाहणाऱ्यांना नाथांनी दिलेला इशारा सर्वांना माहीत आहे. नाथांसारख्या समर्थ कवीने स्वतःची ओवी बाहेर ठेवली, याचे मोल आम्हाला हे जहाज वाचताना अधिक कळले. आपल्याकडील 'जीर्णोद्धार' या शब्दात उद्धार आहे, पण व्यवहारात बहुधा जीर्णाचाच बळी जातो. यादवकालीन दगडावर ऑइलपेंट, गाभाऱ्याला चकचकीत फरशी, आणि दारावर देणगीदारांची संगमरवरी यादी. गळणारे छप्पर भक्तांनीच दुरुस्त करायचे असते, हे आम्ही जाणतो. तरीही रंगाखाली गेलेला शिलालेख आपण वाचू शकत नाही, एवढे खरे.

मात्र हार्टलपूलचा जीर्णोद्धारही निष्पाप नाही, आणि येथे आम्हा दोघांत मतभेद आहे. १९९२ साली जहाजाचे नाव पुन्हा 'त्रिंकोमाली' करण्यात आले, आणि रूप निवडले गेले ते एकोणिसाव्या शतकातील शिडाच्या युद्धजहाजाचे. आमच्यापैकी एकाचे म्हणणे असे की हाच खरा न्याय. उसने नाव गेले, मुंबईत मिळालेले नाव परत आले, आणि त्याबरोबर वाडियांचे नावही. 'फूद्रोयां' म्हणताना कोणाला मुंबई आठवत होती? दुसऱ्याचे म्हणणे, ज्या नव्वद वर्षांनी जहाज जगवले त्यांचाच पाठ येथे प्रक्षिप्त ठरवला गेला. 'त्रिंकोमाली' हे नाव तरी मुंबईच्या सुतारांनी कुठे ठेवले होते? ते १७८२ च्या एका आरमारी लढाईवरून इंग्रजांनी ठेवले. सर्वांत जुना पाठ तोच प्रमाण, हा नियम राजवाड्यांनाही मोहात पाडून गेला. १९०९ साली त्यांनी एकनाथपूर्व मानलेल्या पोथीवरून ज्ञानेश्वरी छापली, पण वारकऱ्याच्या ओठांवरची ज्ञानेश्वरी तिने बदलली नाही. यावर पहिल्याचे उत्तर असे की वारकऱ्याला चालते ते अभ्यासकाला चाललेच पाहिजे असे नाही. हा वाद आमच्यात अजून चालू आहे, आणि स्टाफरूममधील इतरांना त्याचा कंटाळाही आला आहे.

मुंबईत काय राहिले, हा प्रश्न टाळता येत नाही. गोदी आहे, कामातही आहे. पण मुंबईला स्वतःचे संग्रहालय-जहाज होते, 'विक्रांत'. १९६१ साली नौदलात आलेले, १९९७ मध्ये निवृत्त झालेले, लोकांना पाहण्यासाठी खुले असलेले. २०१४ मध्ये ते दारूखान्यात तोडले गेले. पोलादाला सागाइतके आयुष्य नसते, खर्च अफाट असतो, हे सारे मान्य. पण 'त्रिंकोमाली'सुद्धा एकदा भंगारात विकले गेलेले जहाज आहे. आणि ज्या गलबतांनी, मचव्यांनी, फत्तेमाऱ्यांनी कोकणची कौले आणि मीठ, मुंबईची माणसे आणि माल पिढ्यान्‌पिढ्या वाहिला, त्यांतल्या एकीचे तरी नाव आपल्यापैकी किती जणांना सांगता येईल? युद्धजहाजाला आराखडा असतो, दप्तर असते. मचव्याचा आराखडा बांधणाऱ्याच्या डोक्यात असे, आणि तो माणूस गेला की प्रत बुडाली.

अशी पुरती बुडालेली प्रत वर काढण्याचा एक प्रयोग अलीकडे झाला, आणि त्याचे मूळ आमच्या शेजारी आहे. मोताळ्याहून घाट चढून, बुलढाणा ओलांडून गेले की अजिंठा फार लांब नाही. तेथील पाचव्या शतकातील चित्रांत एक जहाज आहे. त्या चित्राच्या आधारे, लोखंडी खिळा न वापरता, काथ्याच्या दोरीने फळ्या शिवून गोव्यात एक शिडाचे जहाज बांधले गेले. केरळचे कारागीर बाबू शंकरन यांच्या देखरेखीखाली १२ सप्टेंबर २०२३ रोजी कणा बसला, २१ मे २०२५ रोजी कारवारला ते 'कौंडिण्य' या नावाने नौदलात दाखल झाले, आणि डिसेंबर २०२५ मध्ये पोरबंदरहून निघून जानेवारी २०२६ मध्ये मस्कतला पोहोचले. याला जीर्णोद्धार म्हणता येणार नाही. जीर्ण काही उरलेच नव्हते. हा पाठ एका चित्रावरून, म्हणजे जहाजबांधणी न करणाऱ्या चित्रकाराच्या साक्षीवरून सिद्ध केलेला आहे. पण फळ्या शिवण्याची ती विद्या चित्रात नव्हती, ती हातांत होती. चित्र आणि हात एकमेकांशी ताडून पाहिले गेले, आणि जे बनले ते समुद्राने तपासले. पाठचिकित्सेला इतका कठोर परीक्षक सहसा मिळत नाही.

या सत्रात विद्यार्थ्यांना अजिंठ्याला न्यायचे ठरले आहे. दुसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात, उजव्या भिंतीवर, पूर्णाच्या कथेत ते जहाज आहे: तीन डोलकाठ्या, ओळीने मांडलेले घट, आणि पुढच्या टोकावर रंगवलेला डोळा. भिंतीवरचा रंग बराच गेला आहे आणि आत उजेड मंद असतो, त्यामुळे सावकाश पाहावे लागते. जिने तो प्रश्न विचारला होता ती आता शेवटच्या वर्षाला आहे. तिने आताच सांगून ठेवले आहे की चित्रात किती दोऱ्या दिसतात ते ती मोजणार आहे.